एका फेरीसाठी कोइम्बतूरपर्यंत

ताईचा फोन आला तेव्हा मी सक्करदऱ्याच्या तलावाजवळ भाजी घेत उभी होते. म्हणाली, "सुजे, मित्राची परवानगी आली वं. आपल्या दोघीलेच आत सोडतात म्हणे. गाडी काढशीन का?" मी मेथीची जुडी तशीच ठेवली आणि हो म्हणून बसले. अंतर किती, रस्ता कसा, वाटेत चार्जिंग मिळेल का, हे सगळं नंतर सुचलं.

मित्रा म्हणजे ताईची लेक, संघमित्रा. इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्ट ड्रायव्हर आहे. कंपनीचं नाव लिहायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे, म्हणून "मित्राची कंपनी" आणि "समोरची कंपनी" एवढंच म्हणते. या दोघींचं सध्या भलतंच जुंपलं आहे. कोइम्बतूरजवळच्या रेस ट्रॅकवर, रस्त्यावर विकली जाते तशीच गाडी घेऊन सगळ्यात वेगवान फेरी कोणाची, यावरून. आधी मित्राच्या कंपनीचा विक्रम होता. तो समोरच्यांनी मोडला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या चौकात त्यांचं होर्डिंग लागलं. मग यांनी मोडला, मग पुन्हा त्यांनी. फरक सेकंदाच्या तुकड्याचा. उमरेड रोडवरच्या खड्ड्यांत या तुकड्याचं कोण काय करणार, हे मी मित्राला विचारून पाहिलं. ती हसली, "मावशी, ट्रॅकवर जे टिकते ना, तेच मग तुह्या गाडीत येते." यावेळी विक्रमासाठी तिला बसवणार होते. पहिल्यांदाच.

विमानाने जा, असं सगळ्यांनी सांगितलं. पण मला मित्राच्याच कंपनीची इलेक्ट्रिक गाडी घेऊन वर्ष होत आलं तरी ती काही नागपूर सोडेना, आणि आमचे हे येताजाता टोमणे मारायचे की बुटीबोरी ओलांडलीस तर कळव. तेव्हा ठरलं, रस्त्यानेच.

पहाटे निघालो. डिसेंबरची थंडी, मागच्या सीटवर कळमन्याहून आणलेली संत्र्यांची पेटी, ताईच्या मांडीवर डब्यांची पिशवी. वर्धा रोड, बुटीबोरी (ह्यांना फोटो पाठवला), मग जांब. जांबच्या चौकात चहा घेताना ताईने खरं काय ते सांगितलं. ती रेस पाहायला चाललीच नव्हती. नागपुरात एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची जागा निघाली होती. मित्राला समजावून घरी आणायचं, एवढाच तिचा बेत. "तिचे पप्पा म्हणतात पोरगी मोठी झाली, तिचं ती पाहीन. पण रात्री फोन वाजला की माह्या छातीत धस्स होते, त्याईच्या नाही," म्हणाली. तिचंही काही चुकत नव्हतं.

आता इलेक्ट्रिक गाडीने हा रस्ता करू पाहणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. हिंगणघाट, पांढरकवडा करत पैनगंगा ओलांडली की तेलंगणा लागतं. रस्ता उत्तम आहे, टोल मात्र सारखे येत राहतात. चार्जर आता बऱ्याच ढाब्यांवर आणि हॉटेलांत आहेत, पण प्रत्येकाचं ॲप वेगळं. निदान तीन-चार ॲप घरूनच भरून ठेवा, ऐनवेळी ओटीपी येत नाही. बॅटरी तळाला जाईपर्यंत थांबू नका, कारण पुढचा चार्जर बंद निघू शकतो. आमचा निर्मलजवळ निघाला. दुसऱ्या ठिकाणी चार्जरसमोर कोणीतरी डिझेलची गाडी लावून निवांत जेवत होता. ताईने त्याच्या टेबलापाशी जाऊन हिंदी-मराठी मिसळून असं काही सुनावलं की तो बिचारा हात न धुता उठला. जेवण आणि चार्जिंग एकाच वेळी उरका, म्हणजे खोटी होत नाही. खर्च पेट्रोलच्या निम्म्याहून कमी आला. मुक्काम हैदराबादच्या रिंगरोडवर केला, शहरात शिरण्याच्या भानगडीत पडलो नाही.

दुसरा दिवस लांबलचक. कर्नूलची तुंगभद्रा, मग खडकाळ माळ, अनंतपूरच्या आसपास डोंगरांवर पवनचक्क्या. तिथे चार्जिंगला लावून डोसा खात असताना शेजारी समोरच्या कंपनीची गाडी येऊन लागली. मालक बोलका. आमच्या गाडीकडे पाहून हिंदीत म्हणाला, तुमची चांगली आहे, पण रेकॉर्ड आमच्या गाडीच्या नावावर आहे. मी हसून सोडून देणार होते, तेवढ्यात ताई म्हणाली, "दो दिन रुको भाऊ." आणि खाली मान घालून डोसा खायला लागली. मी तिच्याकडे पाहतच राहिले. पोरीला घरी न्यायला निघालेली बाई ही!

बंगळुरूच्या ट्रॅफिकबद्दल मी काही लिहीत नाही, माझं डोकं अजून दुखतं. तिथे मुक्काम करून तिसऱ्या दिवशी होसूर, सेलम करत दुपारी कोइम्बतूरला पोचलो. मित्रा हॉटेलच्या दारातच उभी होती. वाळली होती, केस बारीक कापले होते. ताई पाच मिनिटं नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पॉलिटेक्निकचा विषय मात्र काढला नाही.

तिच्यासोबत निनाद होता, पुण्याचा. हा तिचा इंजिनिअर. ती गाडीत असताना हा खाली गॅरेजमध्ये बसून रेडिओवर तिच्याशी बोलतो. गोड मुलगा. ताईने डबा उघडून त्याला सांबारवडी दिली तर त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "काकू, सांबार वेगळं दिलंय का?" आम्ही तिघी फिस्सकन हसलो. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार. तीन वड्या खाल्ल्या त्याने.

त्यानेच मग आम्हाला फेरीची गंमत समजावली. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी फार तापली की ताकद आपोआप कमी होते. टायर मात्र तापलेले हवेत, थंड टायर रस्ता धरत नाहीत. म्हणून आधी एक-दोन फेऱ्या सावकाश मारायच्या. टायर तापले पाहिजेत आणि बॅटरी तापता कामा नये. बॅटरीचा आकडा निनादला समोर दिसतो. टायरचं मात्र रस्त्यावरच्याच गाडीसारखं, आत बसलेल्यालाच हाताबुडाला कळतं. तिने सांगायचं, याने "जा" म्हणायचं, आणि याने जा म्हटलं की जायचं. वाद नाही. पूर्ण ताकदीची एक फेरी झाली की बॅटरी इतकी तापते की त्या दिवसाचा खेळ खलास. सकाळचा गारवा गेला की पुन्हा जमत नाही. यांना दोन सकाळी मिळाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपासून ट्रॅक समोरच्या कंपनीचा.

पहिल्या सकाळी आम्ही गॅरेजच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. पांढरी गाडी आवाज न करता निघून गेली. त्याचीच मला जास्त भीती वाटली. ताई डोळे मिटून बसली होती. स्पीकरवर दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, आधी इंग्रजीत, मग घाई वाढली तसं मराठीत. निनादने जा म्हटलं. गाडी समोरून सूं करून गेली आणि तिसऱ्या वळणावर तिची मागची बाजू घसरली. गाडी गर्रकन फिरून गवतात गेली, धूळ उडाली. ताईने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मग स्पीकरवर मित्राचा आवाज आला, "ठीक हाये मी, ठीक हाये." गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. पण ती सकाळ गेली.

त्यांचे टीम मॅनेजर दिल्लीकडचे. ओरडले नाहीत, शांतपणे म्हणाले की मुलीने घाई केली, उद्या दुसरा ड्रायव्हर बसेल. तो अनुभवी माणूस हेल्मेट घेऊन आदल्या दिवसापासून तिथेच होता. मित्राचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, मी घाई केली नाही, टायर तयार नाहीत हे मी सांगितलं होतं. तरी निनाद जा म्हणाला, मला वाटलं बॅटरी तापायला लागली असेल, आता थांबता येत नसेल. निनाद म्हणाला, "अगं, तूच म्हणालीस टायर तापलेत." मॅनेजरनी रेकॉर्डिंग लावलं.

निनादचा आवाज: "टायर?" मित्राचा आवाज: "गरम होऊन राहिले." निनाद: "ओके, जा."

"बघा," मित्रा म्हणाली. "बघा," निनादही म्हणाला. दोघंही एकाच वेळी.

मॅनेजर आळीपाळीने दोघांकडे पाहत होते. निनाद प्रामाणिकपणे सांगत होता, होऊन राहिले म्हणजे झाले आणि तसेच राहिले, दुसरा काय अर्थ? रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मग मॅनेजर आमच्याकडे वळले. तिथे मराठी कळणाऱ्या आणखी आम्ही दोघीच होतो. त्यांनी ताईलाच विचारलं, आप बताइए, बेटी ने क्या कहा?

ताई बोलेना. तिच्या मनात काय चाललं होतं ते त्या गॅरेजात फक्त मला माहीत होतं. नुसतं "मले समजलं नाही" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. दुसरा ड्रायव्हर बसला असता, मित्रा चिडून, रडून, महिन्याभरात नागपूरला आली असती. पॉलिटेक्निक, संध्याकाळी घर, रात्री शांत झोप. पोरगी आत्ताच गवतात गरगर फिरलेली तिने पाहिली होती. मी बोलू का, असं मला वाटून गेलं, पण तो हक्क तिचा होता.

ताई उठून उभी राहिली. पदर नीट केला. "साब, हमारे नागपूर में होऊन राहिले मतलब हो रहे हैं. हुए नहीं. पोरगी ने बराबर बोला था."

निनादने कपाळाला हात लावला. मग मित्राकडे जाऊन सॉरी म्हणाला, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, माझंही चुकलं, तू जा म्हटल्यावर मी एकदा विचारायला पाहिजे होतं. मॅनेजरनी रेकॉर्डिंग बंद केलं. शेवटी म्हणाले, उद्या सकाळी हीच बसेल, पण तुम्ही दोघं आधी भाषा ठरवा.

संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर आम्ही दोघी संत्री सोलत बसलो होतो. ताई म्हणाली, "गप्प बसली असती तं पोरगी घरी आली असती वं." मी विचारलं, मग काहून बोललीस? ती फोडीवरचे धागे काढत राहिली. "आली असती, पण हारून आली असती. आन् तेही माह्या खोट्यानं. तशी पोरगी घरात ठेवून मी काय करू?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. पॉलिटेक्निकचं नाव तिने त्यानंतर काढलं नाही.

दुसऱ्या सकाळी धुकं होतं, निघायला उशीर झाला. गाडी टायर तापवत सावकाश, नागमोडी फिरत होती. यावेळी ताईने डोळे मिटले नव्हते. स्पीकरवर निनाद, चक्क, "झाले का वं?" मित्रा म्हणाली, "नाही." आणखी एक अख्खी फेरी. बॅटरीचा आकडा चढायला लागला तसा निनाद खुर्चीच्या टोकावर आला, पण त्याने घाई केली नाही. मग मित्राचा आवाज आला, "झाले."

"जा."

फेरीला वेळ किती लागतो? चहा गाळून दोन कपांत ओतेपर्यंतचा. तिसरं वळण तिने असं काही घेतलं की तो हेल्मेटवाला ड्रायव्हरसुद्धा "शाबास" म्हणाला. गाडी समोरून गेली, पडद्यावर आकडा आला आणि सगळं गॅरेज ओरडत उठलं. विक्रम मोडला होता, केसभर फरकाने. ताईला काही कळेना, ती मला विचारत राहिली, "थांबली का? नीट थांबली का?" ते कळल्यावरच हसली.

दुपारी समोरच्या कंपनीची माणसं आपली हिरवी गाडी उतरवत होती. त्यांचा ड्रायव्हर येऊन मित्राशी हात मिळवून गेला. तिसऱ्या वळणावर काय केलंस, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं नाही. उरलेली संत्री ताईने त्यांनाही वाटली. मॅनेजर बघत होते, पण संत्र्याला कोण नाही म्हणणार.

परतीचा रस्ता तोच, पण उतरणीसारखा वाटला. निर्मलचा चार्जर तेव्हाही बंदच होता. घरी आल्यावर ह्यांनी गाडीला हार घातला, वर हा हार बुटीबोरीचा आहे म्हणाले.

या प्रवासातून काय उरलं, असं मला लोक विचारतात. जाऊन या, एवढंच सांगते. रस्ता चांगला आहे, गाडी पोचवते, ॲप भरून ठेवा. बाकी एकच. मुलं आपल्यापासून लांब जातात तेव्हा ती कुठे जातात हे एकदा डोळ्यांनी पाहून यावं, असं मला वाटतं. न पाहता भीती फार मोठी होते.

मागच्या आठवड्यात बातमी आली. समोरच्या कंपनीने विक्रम पुन्हा मोडला. चौकात होर्डिंगही चढलं. ताईला वाईट वाटलं असेल म्हणून मी फोन करणार, तेवढ्यात तिचाच आला.

"मित्रा म्हणते फेब्रुवारीत तिले पुन्हा ट्रॅक भेटून जाईन. तुही गाडी चार्जिंगले लावून ठेव."

मी म्हटलं, ताई, अजून महिनाभर अवकाश आहे.

"हो, मले माहीत हाये," ती म्हणाली, "तरी लावून ठेव."