दंडारीतला वकील

वकीलकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी बांधीत धान कापत होते. विळा हातातच राहिला. ते शेजारचे काका. उभी हयात भंडाऱ्याच्या कोर्टात गेली. विषय कुठलाही असो, गाडी संविधानावर यायचीच, आणि काकू म्हणायच्या, आता जेवण थंड झालं समजा...

कोंढ्याजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, भरदुपारी दंडार होते. त्या नाचगाण्यात सोंगाड्या गावच्या मोठ्यांची टर उडवतो, जुनीच रीत. एका वर्षी सरपंचाला ते झोंबलं. दंडारच बंद, म्हणाला. काका ग्रामसभेत कडाडून भांडले. गोडच बोलायचं तर त्याला संविधान कशाला लागतं, म्हणाले. दंडार झाली, सोंगाड्याने पहिली टर काकांचीच उडवली आणि काका पोट धरून हसले. मग तो माझ्यावर घसरला. मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली. त्याने माझं नाव घेऊन नको ते जोडलं. काका ताडकन उठले, ढोलकी थांबवली. लोक ओरडले, परवा तर स्वातंत्र्य म्हणत होते! "सरपंचाले बोला, मले बोला, आमी कारभार करतो," काका म्हणाले. "या पोरीच्या घरात कायले शिरता? बोलाले मर्यादा आहे."

संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात गेले. आभार मानायला हवे होते, पण डोकं तापलेलं. "काका, मले काहून नाई इचारलं? मलेबी तोंड आहे."

काका म्हणाले, "चुकलं बाई माझं."

पुढच्या मंडईत त्यांनी दंडारवाल्यांना राजी करून मला उभं केलं. घर का सोडलं ते मी माझ्या तोंडाने सांगितलं, जाता जाता सोंगाड्यालाही सोलून काढलं. कुजबुज काही थांबली नाही. पण मान खाली घालून चालणं माझं सुटलं. एवढी माया सख्ख्यांनीही केली नाही माझ्यावर.

यंदा मंडईच्या आधी सोंगाड्या काकूंकडे आला, मी तिथंच बसले होते. दरवर्षीचं वकिलाचं सोंग गाळतो म्हणाला, गेलेल्या माणसाला उत्तर कुठं देता येतं? काकूंनी आतून काकांचा काळा कोट आणून त्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे बोट केलं.

"उत्तर द्याले हे पोरगी आहे नं."

दंडारीत तो कोट घालून, काकांसारखं बोट नाचवत, सोंगाड्या संविधानावर आला. काकू हसत होत्या, पदराने डोळे पुसत होत्या. त्याचं झाल्यावर मी उठले आणि रिंगणात गेले.