फेट्यातले दाजी

घरातला पहिला बी.ए. मी, आणि विनोदी सिनेमाची गोष्ट घेऊन बारामतीला निघालो होतो. निर्मात्यानं बजावलं होतं, एका वाक्यात हसवलंस तरच पुढं बोलू.

इंदापूरच्या स्टँडवर शेजारी गुलाबी फेटा बांधलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांना वाक्य ऐकवलं, "शिकलेला तरुण गाव सुधारायला येतो आणि स्वतःच बिघडतो."

"ह्यात हसायचं कुठं, पाव्हणं?" म्हणून ते पुन्हा फाटकाकडं बघू लागले.

विचारल्यावर कळलं, मेव्हणीच्या लग्नात सासरचे यांना टॉवेल-टोपी द्यायला विसरले. थोरले जावई रुसून, न जेवताच आपल्या गावी, निरवांगीला निघाले होते.

मी लगेच वाक्य बदललं, "रुसलेला जावई स्टँडवर बसतो आणि समजूत काढायला कुणीच येत नाही."

"न्हाय, न्हाय! येत्यात. तसं लिवा."

तेवढ्यात निरवांगीची गाडी लागली. मी म्हटलं, "दाजी, तुमची गाडी!"

ते जागचे हलले नाहीत. "जाऊ द्या वो. गेलो, तर त्यांना घावायचो कसा?"

बारामतीत मी सांगितलं, "रुसलेला जावई सासरची माणसं यायची वाट बघत एकेक गाडी सोडतो, आणि शेवटी ती येतात."

निर्माता खदखदून हसला. शेवट तेवढा मी दाजींचा मान म्हणून ठेवला होता.