खापर चुलीवर असताना

जळगावातल्या एका कार्यशाळेत मला ‘कथेची सुरुवात’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. कार्यशाळेचीच सुरुवात काही होईना. दीपप्रज्वलन झालं, पंख्यानं वात विझली, पुन्हा झालं. मग सत्कार. ज्यांनी खुर्च्या दिल्या त्यांचा, ज्यांनी शाली दिल्या त्यांचाही, त्यांच्याच शालीनं. प्रत्येकाचा परिचय, अगदी शाळेपासून.

पहिल्या रांगेत दोंडाईच्याहून आलेल्या एक बाई कथा हातात धरून बसल्या होत्या. पत्रिकेत त्यांचं वाचन सकाळी होतं. दुपार कलली. त्यांना पॅसेंजर गाठायची होती. निवेदक त्यांच्यापाशी वाकले. “ताई, वेळ नाही. कथेचा सारांश सांगा ना दोन मिनिटांत.”

माझं डोकं फिरलं. पंगतीला बसवायचं आणि पदार्थांची नावं वाचून दाखवायची! सारांशात भागलं असतं तर बाईंनी कथा लिहिलीच कशाला असती?

“माझा वेळ यांना द्या,” मी म्हणालो.

“पण सर, तुमचा सत्कार बाकी आहे!”

“राहू द्या बाकी.”

बाईंचे कागद चाळले आणि राग आणखी चढला. त्यांच्यावर नव्हे. पहिल्या पानावर गाव, गावची नदी, सासऱ्यांचं कर्तृत्व, सासूबाईंचा स्वभाव, दोन्ही सुनांची माहेरं. सगळ्यांचा यथोचित परिचय. शाल तेवढी राहिली होती. आम्हीच वर्षानुवर्षं असले समारंभ करून त्यांना शिकवलं, की आधी ओळख करून द्यायची आणि मग, वेळ उरला तर, माणसाला बोलू द्यायचं. दुसरं पान मात्र असं सुरू होत होतं: ‘वाटणीत सगळं दोन झालं. खापर एकच राहिलं.’

“इथून वाचा.”

“आणि सासूबाई? त्या पहिल्या पानावर आहेत.”

“पुढे कुठेतरी कामाला लावा त्यांना. काम करताना माणूस कळतो. नुसतं वर्णन केलं की लग्नाला काढलेल्या स्थळासारखा दिसतो.”

बाई हसल्या. पहिलं पान त्यांनी पिशवीत टाकलं आणि वाचायला लागल्या.

सणाचे पुरणाचे मांडे. मांडा हातांवर मोठा करून चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या तापल्या खापरावर टाकणारी थोरली जाऊ, खाली जाळ सांभाळणारी धाकटी. वाटणीपासून दोघींचं बोलणं बंद. “जाळ कमी शे,” थोरली चुलीला म्हणाली. धाकटीनं लाकूड उचललं आणि...

निवेदकांनी चिठ्ठी सरकवली. वेळ संपला. बाई थांबल्या.

मागच्या रांगेतून एक आबा ओरडले, “थांबू नको, माय! खापर चुलीवर शे!”

“आबा, अध्यक्षांचं भाषण व्हायचंय,” निवेदक म्हणाले.

“मंग त्यास्ले सारांश सांगाले लाव!”

सभागृह हसलं. अध्यक्ष हसले नाहीत, पण मांडीवरच्या शालीची पुन्हा घडी घालत बसले. बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. धाकटीनं लाकूड आत सारलं की नाही, ते कळेपर्यंत एकही खुर्ची वाजली नाही. प्रमाणपत्रासाठी न थांबता बाई स्टेशनकडे निघाल्या.

त्यानंतर लोक चहाला गेले आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर माझा सत्कार झालाच. निवेदकांनी माझा परिचय एकही ओळ न गाळता वाचला. भाषणाला वेळ उरला नाही.