जपानी मासा आणि चायनाची बेडकी

आबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी कारेगावला कंपनीत होतो. सुट्टी मिळाली की मोटरसायकल हाणत गावी, राहूला जायचो, आणि दारातच माझं डोकं फिरायचं. आबा, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसून भिंतीकडं बघत असायचे. जन्मभर भीमेच्या काठावर गळ टाकून बसलेला माणूस! उजवा हात गेला, एका हातानं गळाला गांडूळ लावता येईना, म्हणून त्यांनी नदीच सोडली.

"मी लावून देतो की," म्हटलं.

"दुसऱ्यानं लावलेला गळ आन् दुसऱ्यानं भरवलेला घास, सारखंच. नगं मला."

संपलं बोलणं. पण मला कुठलं गप्प बसवतंय? माझ्या बुडाखाली कायम विस्तव. त्यात कंपनीत जपानहून आलेल्या साहेबानं आपला खोटा मासा दाखवला. ना गांडूळ, ना पीठ. नुसता फेकायचा आणि काठीवरची दोरा गुंडाळायची चरखी फिरवत ओढायचा. माझी हाव बघून त्यानं तो देऊनच टाकला, आणि मला चळच लागला. आबांना एका हातानं टाकता येईल असा गळ हुडकायचाच.

जपानी मासा पाण्यात काय सुरेख पोहायचा! पण त्याच्या पोटाखाली गळांचे झुबके. जलपर्णीत अडकायचा, नाहीतर माझ्या बाहीत. एका हाताच्या माणसानं तो सोडवायचा कसा? बाद. पुण्याच्या दुकानातून चमच्यासारखा पितळी गळ आणला, दुसऱ्या कंपनीचा. तो जरा हात थांबला की तळाला. तोही बाद. शेवटी मिळाली चायनाची रबरी बेडकी. गळ पाठीला चिकटलेले, जलपर्णीवरून घसरत यायची, काठी नुसती हलवली तरी टुणटुण उडायची. सगळे गळ मी रांजणगावच्या तळ्यापासून घोडनदीपर्यंत फेकून बघितले. खांदे भरून आले, पण झोप म्हणून लागेना.

"रबराला कुठला आलाय वास? मासं काय खुळं हायती का?" आबा म्हणाले. पण नदीवर आले. एका हातात टेकायची काठी, पाय फरपटत. चार पावलांवर दम लागत होता. मी त्यांना पाण्याजवळच्या दगडावर बसवलं, काठी बाजूला ठेवली, गळाची काठी त्यांच्या डाव्या हातात दिली. पहिल्या दोन फेकी काठालाच पडल्या. मला बघवेना, मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. मग बेडकी बरोबर जलपर्णीच्या कडेला पडली. आबांनी मनगट हलवलं. टुण. टुण.

आणि बेडकीवर मरळीनं झडप घातली! पाणी उसळलं, काठी वाकली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चरखी! डाव्या हातात काठी, मग चरखी फिरवणार कोण? इतके दिवस सगळे गळ मी पारखले ते माझ्या दोन्ही हातांनी. असला बिनडोक माणूस!

"आबा, द्या इकडं!" मी धावलो.

"हात लावू नगंस!"

आबा उठले. गळाची काठी खांद्यावर टाकली, नदीकडं पाठ केली आणि दरड चढायला लागले. मोटेचा बैल ओढतो तसे, मान खाली घालून. उजवा पाय मातीत रेघ ओढत होता. "आबा, पडाल! बसा!" मी ओरडत होतो. ते थांबेनात. मागं मरळ आपटत, लोळत काठावर आली, तरी ते चालतच होते. थेट वरच्या बाभळीला जाऊन टेकले.

"आली का?" त्यांनी वळून न बघताच विचारलं.

"आली," म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. माशासाठी नाही. त्यांची टेकायची काठी खाली दगडाजवळच पडली होती.