अकरा वर्षं तयार

मी नाटक कंपनीतला प्रॉम्प्टर. विंगेत वही घेऊन बसायचं आणि अडलेल्याला शब्द द्यायचा. माझ्या जिभेला हाड नाही म्हणून लोक मला टाळतात. पण आज जे सांगणार आहे ते माझ्याच विरुद्ध आहे.

आमच्याकडे एक बदली नटी होती. सगळे तिला ‘बदली’च म्हणायचे, खरं नाव फक्त हजेरीपुरतं. नायिकेचं काम करणाऱ्या बाई आजारी पडल्या, तर हिने उभं राहायचं. पण बाई ठणठणीत, अकरा वर्षांत साधी शिंक नाही! ही रोज रंग लावून, केसांचा टोप चढवून तयार बसायची आणि बाई रंगमंचावर गेल्या की रंग पुसून त्यांच्या साड्यांना इस्त्री करायची.

घरी म्हातारी आई. “रोज तोंड रंगवते आणि दिसत कुठेच नाही,” असं ती शेजारपाजारी सांगायची. पोरीच्या जिवाला ते फार लागायचं. मला म्हणायची, “दादा, एकदा आईने मला स्टेजवर बघू दे. मग नाटक सुटलं तरी चालेल.”

तिची तालीम मी घ्यायचो. बदलीला नियम एकच, पदरचं काही घालायचं नाही. समोरचे नट, दिवेवाला, सगळे बाईंच्या सवयीवर चालतात. बाई उजवी भुवई उडवतात, तर हिने उडवायची. बाई पहिल्या प्रवेशाला टाळ्यांसाठी थांबतात, तर हिनेही थांबायचं. कधी एखादं वाक्य ती स्वतःच्या चालीने, फार गोड म्हणायची. मी वही आपटायचो. “शहाणपणा नको. बाई कशा म्हणतात?”

शेवटी एका रविवारी, दुपारच्या प्रयोगाला, बाईंचा घसा बसला. हिने शेजारणीकरवी आईला निरोप धाडला, ‘आज मी आहे, ये.’ प्रेक्षक उठून जातील या भीतीने मॅनेजरने बदल जाहीरच केला नाही. आई तिसऱ्या रांगेत येऊन बसली.

ही प्रवेश करून थांबली. टाळी एकही नाही. शब्द द्यायला मी वही घेऊन पुढे सरकलो. पण पुढचे तीन तास तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. डोळे मिटले असते तर बाईच बोलतायत असं वाटलं असतं. पडदा पडल्यावर मीच आधी ओरडलो, “हुबेहूब!”

रंग पुसून ती बाहेर आली. आई दाराशी काठी टेकून उभी होती, चेहरा पडलेला.

“कुठे होतीस गं? डोळ्यांत तेल घालून बसले होते मी. नाटकातली एकेक मोलकरीण, शेजारीण निरखून पाहिली.”

मी तोंड उघडलं. तिने माझा हात घट्ट दाबला.

“मागे होते गं आई.”

“मला वाटलंच. ती मुख्य बाई काय काम करते! रडवलं मला. तुला नाही हो जमायचं तसं.”

“नाही जमायचं,” ती म्हणाली आणि आईला आधार देत पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी ती राजीनामा द्यायला आली, तेव्हा मी चिडून विचारलं, “सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू दादा? तिने पाहिली ती मी नव्हतेच.”

आईने ओळखावं असं जे जे तिच्यात होतं, ते अकरा वर्षं बसून मीच एकेक करून खुडलं होतं.