तिसरी-चौथीची सभा

वर्गात काही सांगायचं असलं की बाई हात वर करून थांबायच्या. ‘सभापती’ मान हलवीपर्यंत. सभापती म्हणजे चौथीतली एखादी मुलगी, फ्रॉकला नाक पुसत टेबलाशी उभी. शिक्षकाने मुलांकडे बोलायची परवानगी मागितलेली तुम्ही तरी कधी पाहिलीत का?

नव्वदच्या दशकात आणे पठारावर आमची दोनशिक्षकी शाळा होती. मुख्याध्यापक मी, दुसऱ्या शिक्षिका त्या. रोज सकाळी त्यांच्या तिसरी-चौथीची सभा भरायची आणि आज काय शिकायचं ते मुलंच ठरवायची. “मलाही एकच मत,” बाई म्हणायच्या. एकदा भूमितीला त्यांचं एकटीचंच मत पडलं. पोरं बाभळीवरची सुगरणीची घरटी मोजायला पळाली. बाई हसत मागोमाग.

मला संशय यायचा. कामचुकारपणाला बाईंनी छान नाव दिलंय, असं वाटायचं. मी खिडकीआडून ऐकायचो. एकदा तर त्यांच्या माघारी कपाटातल्या वह्या काढून चाळल्या. गुणाकार बरोबर होते. मग वाटलं, बाईंनीच सांगून लिहून घेतले असणार.

पालकही कुरकुरायचे. एक जण म्हणाला, “गुरुजी, पोरगी घरी म्हनती, कालवण कशाचं करायचं त्याच्यावर मतं घ्या! आजीनं लाटणंच उगारलं राव.”

मी हसलो. पण ते विस्तार अधिकारी साहेबांच्या कानावर घातलं.

एका मंगळवारी सभेने गावच्या विहिरीची खोली मोजायचं ठरवलं. मुलांना घेऊन बाई माझ्याकडे आल्या. “परवानगी हवी होती.”

“जा,” मी म्हणालो. साहेब त्याच दिवशी तपासणीला येणार, हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

साहेबांना वर्ग रिकामा दिसला. “पोरं कुठंयत?”

“मला विचारलं नाही, साहेब.”

तेवढ्यात रांग परतली. बाई म्हणाल्या, “विचारलं होतं.” हातात दोरीचं वेटोळं घेतलेली एक मुलगी पुढे झाली. “गुरुजी, तुमीच तर जा म्हणलात!”

साहेब हसले. “पोरांना बरं पढवून ठेवलंय.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आता तरी खरं बोलेन, म्हणून त्या थांबल्या होत्या. मी हजेरीपट उघडला.

‘न विचारता मुले शाळेबाहेर नेली’ असा शेरा पडला आणि बाईंची आंबेगावच्या डोंगराकडे बदली झाली. निघताना एवढंच म्हणाल्या, “विहिरीचं गणित मुलांनी सोडवलंय. तपासायचं राहिलं. तेवढं बघा.”

दुसऱ्या दिवशी त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. मुलं हाताची घडी घालून ओळीत बसली होती. का कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदाच मी वर्गाला विचारलं, “आज काय शिकायचं?”

कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तुमी म्हणाल तसं, गुरुजी.”