चंद्री आणि शेतातलं दगडी घर

गेल्या मे महिन्यात एका दुपारी आमच्या चंद्रीनं माझ्या तोंडचं पाणीच पळवलं. चंद्री म्हणजे आमची म्हैस... दिवस भरत आलेली, नांदूरघाटाजवळच्या आमच्या शेतात पत्र्याच्या शेडखाली बांधलेली.

पावसानं सलग दोन वर्षं दगा दिलेला. विहीर कोरडीठाक, टँकर आला तर आला. तरी चंद्री आटेपर्यंत गावच्या दूध सोसायटीत माझ्या नावानं दूध जात होतं, ते या एकटीच्या जोरावर. माझा लई जीव तिच्यावर!

त्या दुपारी बघते तर बाई जीभ बाहेर काढून धापा टाकतेय, तोंडाला फेस... सोसायटीच्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते वडवणीला. म्हणाले, "ताई, मी निघतोच. पण तोवर तिला गारव्याला न्या, नाहीतर दोन्ही जीव जातील."

गारवा? मे महिन्यात? आमच्या बीड जिल्ह्यात? मला हसावं की रडावं तेच कळेना.

होतं फक्त ते दगडी घर. शेत विकत घेतलं तेव्हा त्याच्यासोबत आलेलं... काळ्या दगडाच्या दोन हात जाड भिंती, वर मातीचं माळवद. आम्ही त्यात कडबा आणि भंगार कोंबलं होतं. आमच्या मालकांच्या तर ते डोळ्यांत खुपायचं. पुढच्या आठवड्यात जेसीबी लावून पाडायचं आणि तिथं मस्त स्लॅबचं घर बांधायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलेलं.

"म्हैस घरात नेती? येडी झाली काय गं?" मालक ओरडले. पण मागून तिला ढकलत पण तेच होते!

आत पाऊल टाकलं आणि अंगाची आग निम्मी झाली. घराचे दोन भाग... वरचा माणसांचा, दोन पायऱ्या उतरून खालचा जनावरांचा. चंद्री खालच्या भागात मटकन बसली. पण हवा कोंडलेली... धाप काही थांबेना.

समोरच्या भिंतीत अगदी खाली, ओळीनं सिमेंटचे ठिपके दिसत होते. तिथं आधी भोकं होती. "इतक्या खाली खिडकी ठेवतंय का कुणी? गवंडी पिऊन आला असंल," असं म्हणत मालकांनीच ती विंचवाच्या भीतीनं बुजवलेली.

मला काय सुचलं देव जाणे. कोपऱ्यातली पहार उचलली आणि घातली एका ठिपक्यावर. सिमेंट फुटून बाहेर पडलं...

आणि वारा आला! खरं सांगते, अंगावर काटा आला. भोक बाहेरून रुंद, आत येईपर्यंत निमुळतं. बाहेर कडुलिंबाची गर्द सावली. माळवदाच्या झरोक्यातून आतली गरम हवा वर जात होती आणि लिंबाखालची हवा भोकातून आत ओढली जात होती.

मी खाली वाकून बघितलं आणि तशीच थांबले. भोक बरोबर बसलेल्या चंद्रीच्या नाकासमोर होतं. सगळी भोकं त्याच उंचीला! गवंडी चुकला नव्हता... त्यानं बसलेल्या जनावराचं माप घेऊन भिंत बांधली होती.

मालकांनी माझ्या हातातली पहार घेतली आणि उरलेली सगळी भोकं स्वतः मोकळी केली. घामानं निथळत होते, पण थांबले नाहीत.

डॉक्टर पोचले तेव्हा आमची बाई निवांत रवंथ करत होती. "हिला इथून हलवू नका," एवढंच म्हणाले.

चार-सहा दिवसांनी ती तिथंच व्याली. काळीभोर पारडी झाली. त्याच सकाळी जेसीबीवाल्याचा फोन आला, येऊ का म्हणून. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "न्हाई भाऊ, ऱ्हाऊ द्या... घरात बाळंतीण हाय."

ते घर कुणी बांधलं, गावात कुणालाच सांगता येत नाही. ज्यानं बांधलं त्याला माझा मनापासून नमस्कार... मुक्या जिवाचा इतका विचार करणारं माणूस आमच्या शेतात राहून गेलंय, याचंच मला भारी वाटतं.